अपडेट मारण्याआधी

मारिओ कार्ट ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ डिसेंबर २०११मध्ये आला. मे २०१२मध्ये त्याला एक दुरुस्ती मिळाली. माका वूहू नावाच्या ट्रॅकवर ठरावीक जागी गाडी पाण्यात घातली, की खेळ ती उचलून बरीच पुढे नेऊन ठेवायचा, आणि ऑनलाइन शर्यतींत जो तो तिथेच बुडी मारू लागला होता. ही पळवाट ऑनलाइनपुरती बुजवली गेली. मग दहा वर्षं काहीच नाही. ज्या निन्टेंडो थ्रीडीएसवर हा खेळ चालतो, त्याचं उत्पादनसुद्धा सप्टेंबर २०२०मध्ये थांबलं. आणि डिसेंबर २०२२मध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मारिओ कार्ट ७चा नवा अपडेट हजर झाला.

कारण त्याच महिन्यात उघड झालं. निन्टेंडोच्या काही खेळांच्या ऑनलाइन जोडणीच्या कोडमध्ये एक भोक होतं. समोरचा खेळाडू नुसता शर्यतीत सामील झाला, तरी तेवढ्यावर तुमच्या यंत्रात स्वतःचा प्रोग्रॅम चालवू शकत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर या भोकाला १०पैकी ९.८ गुण मिळाले. ते शोधणारी मंडळी थ्रीडीएस मॉड करणाऱ्यांच्या, म्हणजे कंपनीची कुलपं उघडून यंत्रात हवं ते चालवणाऱ्यांच्या, वर्तुळातलीच होती. त्यांनी आधी निन्टेंडोला कळवलं, दुरुस्ती येऊ दिली आणि मग तपशील जाहीर केला.

तरी मॉड केलेल्या कन्सोलचे मालक ‘अपडेट’ हा शब्द ऐकला की आजही दचकतात. त्याला इतिहास आहे. २०१४च्या नोव्हेंबरात क्युबिक निन्जा नावाच्या, तोवर दुकानात धूळ खात पडलेल्या एका खेळातून थ्रीडीएसमध्ये शिरता येतं हे जाहीर झालं आणि त्याची कार्ट्रिजं बघता बघता महाग झाली. अशा वाटा निन्टेंडो पुढच्या अपडेटांमध्ये बंद करायची. म्हणून वर्षानुवर्षं एकच सल्ला फिरत राहिला: काहीही होवो, अपडेट मारू नका. २०१४च्याच जानेवारीत तर उलट्या बाजूने तडाखा बसला होता. गेटवे या, खेळांच्या प्रती चालवणाऱ्या फ्लॅशकार्डाच्या नव्या फर्मवेअरमध्ये, त्या कार्डाची नक्कल वापरणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी, कन्सोल निकामी करणारा कोड घातलेला निघाला. मूळ कार्ड घेतलेल्यांच्याही तक्रारी आल्या. आपल्या हौसेचं यंत्र कंपनीपेक्षा मॉडवालेच ब्रिक, म्हणजे कायमचं निकामी, करू शकतात, हे तेव्हा पहिल्यांदा ठसठशीतपणे कळलं.

चित्र पालटलं ते २०१७मध्ये. डिसेंबर २०१६मध्ये हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये थ्रीडीएसच्या बूट रॉममधली चूक मांडली गेली. बूट रॉम म्हणजे यंत्र चालू होताक्षणी धावणारा पहिला कोड. तो कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो, त्यामुळे कुठल्याही अपडेटने बदलत नाही. पुढच्या मे महिन्यात त्यावर आधारलेलं बूटनाइनस्ट्रॅप आलं आणि आधीपासूनचं लुमा हे कस्टम फर्मवेअर त्याच्या जोडीला बसलं. निन्टेंडोचा सिस्टम अपडेट जेव्हा बूटचा भाग नव्याने लिहू पाहतो, तेव्हा लुमा तेवढं लेखन अडवतं आणि बाकीचं होऊ देतं. म्हणजे ‘अपडेट मारू नका’ हा सल्ला तेव्हाच शिळा झाला. तो अजून दिला जातो, तो जुन्या सवयीने. आता खरा प्रश्न वेगळा आहे: कुठला अपडेट आधी, कुठला नंतर, आणि कशातून मागे येता येत नाही.

हे जवळून बघायचं तर पुण्यात कोथरूडला एका जेवणाच्या टेबलापाशी बसावं. घरमालक तिशीतला, दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करणारा. घरच्यांची आणि मित्रांची थ्रीडीएस त्याच्याकडे येतात. बहुतेक यंत्रं परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आलेली. समोरचं न्यू थ्रीडीएस एक्सएल अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या आत्याने आणलेलं आहे, ते तिच्या पुण्यातल्या भाचीचं. ही मुलगी म्हणजे या तपासनिसाच्या बहिणीची लेक. अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू लीफ या खेळात तिने दोन वर्षं जपलेलं गाव आहे, आणि २०१६च्या नोव्हेंबरात आलेला मोठा अपडेट तिने अजून घेतलेला नाही. त्यात कॅम्पिंगचं मैदान मिळतं, हे तिला वर्गातल्या कुणाकडून तरी कळलंय.

“मामा, नुसतं अपडेट दाबायचंय ना?”

“दाबायचंय गं. पण सगळ्यात शेवटी.”

पहिलं काम चार्जिंगचं. अमेरिकेतला मूळ चार्जर १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३०च्या प्लगमध्ये घालायचा नाही. इथे थ्रीडीएसची पिन असलेली यूएसबी केबल आहे. मग यंत्र पूर्ण बंद. झाकण मिटलं की कन्सोल झोपतो, बंद होत नाही, आणि झोपलेल्या यंत्रातून कार्ड ओढणं म्हणजे संकटाला आमंत्रण. न्यू थ्रीडीएस एक्सएलचं मायक्रो-एसडी कार्ड मागच्या झाकणाखाली दडलेलं असतं. त्याचे दोन स्क्रू सैल होतात पण झाकणातून सुटत नाहीत. हे माहीत नसलेले लोक ते फिरवत बसतात आणि शेवटी खाचा खराब करतात. मामाने दोन्ही स्क्रू सैल केले, कडेच्या खोबणीत नख घालून झाकण उचललं आणि कार्ड दाबून बाहेर काढलं.

लॅपटॉपवर कार्ड उघडलं की ‘निन्टेंडो थ्रीडीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात ३२ अक्षरांच्या अगम्य नावाचा दुसरा फोल्डर, त्याच्या पोटात तसाच तिसरा. आतलं सगळं त्या एका यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असतं. हेच कार्ड दुसऱ्या थ्रीडीएसमध्ये घातलं तर यातला एकही खेळ दिसणार नाही. मामाने सगळंच्या सगळं लॅपटॉपवर उतरवायला लावलं. कार्ड खरं आहे की नाही, याची तपासणी त्याने यंत्र पहिल्यांदा मॉड करायला हातात आलं तेव्हाच करून ठेवली होती. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत त्याच्या पावपटही जागा नसलेलं कार्ड बाजारात मिळतं. ते भरेपर्यंत गुमान चालतं आणि मग लिहिलेलं गिळून टाकतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. मोठ्या कार्डाला या तपासणीत तास जातात, म्हणून बहुतेक जण ती टाळतात. अपडेटवर फुटणारं निम्मं खापर खरं तर कार्डावर फुटायला हवं.

“झालं ना बॅकअप?” भाचीने विचारलं.

झालं नव्हतं. बरेच जण नेमके इथेच फसतात. थ्रीडीएसच्या कार्ट्रिजवर खेळ असतो तसा सेव्हही, म्हणजे खेळाडूची जतन केलेली प्रगतीही, असते. एसडी कार्डाची कितीही नक्कल केली, तरी कार्ट्रिजमधलं गाव त्यात येत नाही. त्यासाठी चेकपॉइंट नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो कार्ट्रिजमधला सेव्ह वाचून उघड्या रूपात एसडी कार्डावर ठेवतो. मामाने कार्ड परत बसवलं, चेकपॉइंट उघडलं, न्यू लीफचं चित्र निवडलं आणि फोल्डरला नाव दिलं: ‘अपडेटपूर्वी’. आत एक फाइल आली, गार्डन डॉट डॅट. दोन वर्षांची फळझाडं, शेजारी आणि कर्ज त्या एका फाइलमध्ये.

मग यंत्राच्या स्वतःच्या साठवणीची पाळी. स्टार्ट बटण दाबून धरत कन्सोल चालू केला की गॉडमोडनाइन उघडतं. नावाला जागणारं साधन आहे, त्याला यंत्रातलं काहीही वाचता-लिहिता येतं. म्हणूनच ते मुद्दाम आडवंतिडवं वागतं. धोकादायक जागी लिहायला जा, ते बाणांच्या आणि बटणांच्या एका क्रमाची मागणी करतं, जितका धोका मोठा तितकी कटकट जास्त. झोपेत ‘हो’ म्हणून चालत नाही. बँकांच्या अ‍ॅपवाल्यांनी हे येऊन बघायला हरकत नाही. वाचून नक्कल काढायला मात्र अडथळा नाही. साठवणीची नक्कल मॉडेलनुसार सुमारे एक ते दोन जीबीची होते. ती लगेच लॅपटॉपवर गेली, कारण बॅकअप त्याच कार्डावर ठेवणं हा न ठेवण्याचाच एक प्रकार.

आता अपडेट. पण खेळाचा नाही, लुमाचा. कार्डाच्या मुळाशी बूट डॉट फर्म नावाची एकच फाइल असते, ती बदलली की लुमा नवं. ही फाइल हरवली आणि यंत्राच्या आतही तिची प्रत नसली, तर कन्सोलचा निळा दिवा लागतो आणि क्षणात विझतो. घाबरलेले लोक याला ब्रिक समजतात, आणि औषध असतं एवढंच की फाइल परत जागेवर ठेवा. लुमाच्या मागून सिस्टम अपडेट, मे २०२३मध्ये आलेला ११.१७. हा क्रम उलटा केला, तर जुन्या लुमाला नव्या सिस्टमची ओळख नसण्याची शक्यता उरते. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सेटिंग्जमध्ये आवृत्तीच्या आकड्याआधी नेहमीच्या ‘व्हर’ऐवजी ‘सिस’ दिसलं. लुमा जिवंत असल्याची ती खूण.

ई-शॉपमधली खरेदी २७ मार्च २०२३ला बंद झाली, ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४मध्ये. पण आधी घेतलेलं पुन्हा उतरवण्याची आणि अपडेट घेण्याची सोय निन्टेंडोने चालू ठेवली. त्यामुळे कुठल्या तरी अनोळखी कोपऱ्यातून अपडेटची फाइल आणण्याचं काही कारणच नाही. अधिकृत सर्व्हरवरून येणारी फाइल तुमच्या प्रदेशाची असते, पूर्ण असते आणि सही तपासूनच बसते. प्रदेश महत्त्वाचा, कारण अमेरिकी कार्ट्रिजला युरोपचा अपडेट लागतच नाही, यंत्राच्या लेखी ते दोन निराळे खेळ असतात.

सिस्टम अपडेटच्या वेळीच अडलं होतं ते वायफायपाशी. थ्रीडीएसला २.४ गिगाहर्ट्झची जुनी पट्टीच कळते आणि डब्ल्यूपीए-थ्री कळत नाही. घरचा नवा राउटर नेमका त्यावर लावलेला. मामाने तेव्हाच फोनचा हॉटस्पॉट डब्ल्यूपीए-टूवर आणला आणि जोडणी लागली होती. आता कार्ट्रिज घातलं, मेनूवर अपडेटची सूचना आली आणि भाचीला अखेर बटण दाबायला मिळालं.

अपडेट कार्ट्रिजवर लिहिला जात नाही. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं तसा तो एसडी कार्डावर बसतो आणि खेळ सुरू होताना मूळ मजकुराच्या वर लागतो. तो पुसला की कार्ट्रिज पहिल्यासारखं. सेव्हचं तसं नाही. नव्या न्यू लीफने गाव एकदा उघडून जतन केलं, की जुना न्यू लीफ ते ओळखत नाही. खेळ चालू झाला, नावाखाली ‘वेलकम अमीबो’ उमटलं, भाची गावात शिरली, जतन करून बाहेर आली. मामाने चेकपॉइंटमध्ये दुसरा फोल्डर केला, ‘अपडेटनंतर’. या वेळी आतल्या फाइलचं नाव होतं गार्डन प्लस डॉट डॅट. मघाचा फोल्डर नसता, तर जुनं गाव कायमचं गेलं असतं.

मॉडवाल्यांना आणखी एक अडचण येते. लुमा कार्डावरच्या एका फोल्डरमधून चाहत्यांनी केलेले बदल खेळावर चढवतं. मॉन्स्टर हंटर डबल क्रॉस हा खेळ थ्रीडीएसवर जपानबाहेर आला नाही. तो इंग्रजीत खेळता येतो तो चाहत्यांच्या भाषांतरामुळे. असा पॅच खेळाच्या ठरावीक आवृत्तीवर बेतलेला असतो. खाली अधिकृत अपडेट बसला की कोडमधल्या जागा सरकतात, पॅच चुकीच्या ठिकाणी अक्षरं घालतो आणि खेळ कोसळतो. दोष दोघांचाही नसतो. अपडेटआधी तो फोल्डर बाजूला काढायचा, खेळ साधा चालतो का ते बघायचं आणि मग नव्या आवृत्तीचा पॅच मिळाला तरच परत ठेवायचा.

यात कंपनीच्या नियमांचा आणि कायद्याचा भाग येतोच. मॉड केलेली यंत्रं निन्टेंडोने मे २०१७मध्ये घाऊक प्रमाणात ऑनलाइन खेळातून हाकलली होती. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कोथरूडच्या टेबलावर म्हणूनच एक नियम पाळला जातो: कार्ट्रिज समोर असेल त्याच खेळाला हात लावायचा. ‘अमका खेळ टाकून दे ना’ म्हणणारे मित्र येतात, चहा पिऊन परत जातात.

बसवलेल्या अपडेटची एक प्रत मामाने गॉडमोडनाइनमधून काढून लॅपटॉपवर ठेवली. अधिकृत सर्व्हर आज चालू आहेत, ते कधीपर्यंत राहतील याची तारीख कुणी दिलेली नाही. मारिओ कार्ट ७ही त्याच बैठकीत अद्ययावत झाला. त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं.

उरला होता स्मॅश ब्रदर्स हा मारामारीचा खेळ. त्यात भाचीच्या मोठ्या भावाने साठवलेल्या लढतींच्या फिती आहेत, आणि स्मॅशची आवृत्ती बदलली की जुन्या फिती चालत नाहीत. ऑनलाइन लढती आता संपल्यात, एकट्याने खेळायला जुनी आवृत्ती पुरते. मामाने भाचीच्या त्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, राहू दे. कार्ट्रिज तसंच डबीत गेलं, वर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: ‘याला अपडेट नको.’