इवल्या दंडाचा रक्तदाब

नवजात शिशु अतिदक्षता विभागातील मॉनिटरवर कंसात ३२ हा आकडा पाहून बाळाचे आजोबा धास्तावून आमच्या कार्यालयात येतात, हा अनुभव आम्हांस नवा नाही. मनात १२०/८० हे प्रौढांचे प्रमाण पक्के बसलेले असते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचा वरचा रक्तदाबही पहिल्या दिवशी ६५ ते ७० च्या आसपासच असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्याहून कमी असतो आणि पुढील काही दिवसांत वाढत जातो. कंसातील आकडा तर सरासरी दाबाचा. गर्भकाळ जितक्या आठवड्यांचा, निदान तितका सरासरी दाब सुरुवातीच्या दिवसांत असावा, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे; पण तो ठोकताळाच.

दंडाला बांधलेला कफ फुगतो, सैल होतो आणि रोहिणीतील स्पंदने यंत्र टिपते. ती जेथे सर्वांत मोठी, तो सरासरी दाब. वरचा व खालचा आकडा यंत्र त्यावरून हिशेबाने काढते. बाळ रडत असले वा नुकतेच दूध प्यायले असले, तर आकडा चढतो. म्हणून कफ बांधून पाव तास थांबावयाचे आणि बाळ शांत असता दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीन नोंदी घ्यावयाच्या. अत्यवस्थ बाळाच्या नाळेतील रोहिणीत बारीक नळी घालून दाब अखंड पाहता येतो. मात्र तीत गुठळीचा धोका असतो.

खरी मेख कफाच्या मापात आहे. त्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निम्म्याजवळ हवी. कफ लहान पडला तर दाब खोटा जास्त दिसतो आणि खालावलेले बाळ ठीक वाटते. मोठा पडला तर खोटा कमी दिसतो, आणि नको असलेले सलाईन वा औषध सुरू होण्याची भीती. नाजूक बाळाला सलाईन घाईने दिल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नवजातांचे कफ १ ते ५ क्रमांकांत मिळतात. सर्वांत लहान कफ ३ ते ६ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो.

येथे आमची एक चूक नमूद करणे प्राप्त आहे. एके वर्षी काटकसर म्हणून आम्ही खरेदीच्या मागणीपत्रातील दोन मापे खोडली. विभागाच्या सिस्टरांनी आम्हांस आत नेले, एकाच बाळाला दोन कफ बांधून दोन निराळे आकडे दाखविले आणि काही न बोलता मागणीपत्र पुन्हा पुढे ठेवले. आम्ही सही केली.

आकडा अचूक असला तरी त्यावर एकट्यावर उपचार ठरत नाहीत. हातपाय उबदार आहेत का, छातीवरील त्वचा दाबून सोडल्यावर ३ सेकंदांत पुन्हा लाली येते का, लघवी पुरेशी होते का, हेही पाहिले जाते. महारोहिणी अरुंद असल्याची शंका आल्यास हात व पाय दोन्हींचा दाब मोजतात.

जंतुसंसर्ग टाळण्यासाठी एका बाळाचा कफ दुसऱ्याला वापरीत नाहीत. त्यामुळे हा खर्च दरमहा उभा राहतो. वॉर्मरवर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते, कफावर येत नाही. तरीही यंदाच्या गरजांच्या यादीत आम्ही कफ सर्वांत वर लिहिले आहेत, पाचही मापांचे.