घरचा पडदा आणि दोन तबकड्या

घरांत मोठा टीव्ही आला कीं पहिल्याच रविवारीं कपाटांतला एखादा आवडता जुना चित्रपट बाहेर निघतो. मरोळला अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आजूबाजूस ज्या गृहसंस्था आहेत, त्यांतील कोणत्याहि घरांत हा प्रसंग घडूं शकेल. बत्तीस इंची संच जाऊन पंचावन्न इंची आलेला असतो. आजोबांनीं पंधरा वर्षें जिवापाड जपलेली डीव्हीडी यंत्रांत सरकविली जाते, आणि पांच मिनिटांतच सर्वांचा विरस होतो. चेहरे धूसर, साडीचे कांठ दातेरी, आणि पावसाच्या दृश्यांत तर पाण्याऐवजीं नुसते चौकोनी ठिपके! नातू म्हणतो, "आजोबा, तुमच्या डीव्हीडी खराब झाल्या. आतां भंगारवाल्याला देऊन टाका." आजोबांना तें पटत नाहीं, पण डोळ्यांना दिसतें तें नाकारावें कसें?

या घरगुती खटल्यांत आजोबांचा पक्ष खरा आहे. तबकडी होती तशीच आहे. बदलला आहे तो पडदा. मात्र नातवाचें म्हणणेंहि सर्वस्वीं चुकीचें नाहीं. कारण डीव्हीडीहून पुष्कळ सरस अशी ब्लू-रे नांवाची तबकडी २००६ सालींच बाजारांत आली. या दोहोंत भेद कोणता, तो डोळ्यांस केव्हां जाणवतो आणि केव्हां जाणवत नाहीं, हें नीट उमगलें म्हणजे पैसा वायां जात नाहीं, आणि जपून ठेवण्याजोगी वस्तु भंगारांतहि जात नाहीं.

मरोळला हा विषय परका नाहीं. येथील सहकारी औद्योगिक वसाहतींत ‘शेमारू’ या संस्थेचें कार्यालय आहे. १९६२ सालीं वाचावयास पुस्तकें देणारें ग्रंथालय म्हणून मुंबईंत तिचा आरंभ झाला. १९७९ सालीं तिनें व्हिडिओ कॅसेटी भाड्यानें देण्यास सुरुवात केली, आणि १९८७ पासून घरीं पाहावयाच्या चित्रपटांच्या वितरणांत ती उतरली. पुस्तक, कॅसेट, तबकडी आणि आतां इंटरनेट, अशीं घरगुती करमणुकीचीं सारीं स्थित्यंतरें या एका संस्थेच्या इतिहासांत पाहावयास सांपडतात. कॅसेटीमागून व्हिडिओ सीडी आली; तिच्यावर सुमारें सव्वा तासाचेंच चित्र मावे, म्हणून एका हिंदी चित्रपटास दोन-तीन तबकड्या लागत. १९९६ सालीं जपानांत डीव्हीडी निघाली. पुढें २००७ मध्यें मोझर बेअर कंपनीनें आपल्याकडे व्हिडिओ सीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हां सामान्य घरांतूनहि तबकड्यांचीं कपाटें भरूं लागलीं.

आतां तबकडीच्या अंतरंगाकडे वळूं. डीव्हीडी आणि ब्लू-रे, दोन्ही बारा सेंटिमीटर व्यासाच्या व १.२ मिलिमीटर जाडीच्या. दोहोंच्या पोटांत अतिसूक्ष्म खांचांची एकच ओळ चकलीच्या वेटोळ्यासारखी आंतून बाहेर गेलेली असते, आणि लेसरचा किरण त्या खांचा वाचीत जातो. जाड बोरूनें एका पानावर वीस ओळी मावतात, तर बारीक टाकानें त्याच पानावर चाळीस. येथेंहि तोच न्याय. डीव्हीडी वाचणारा तांबडा किरण ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तर ब्लू-रेचा जांभळट किरण ४०५ नॅनोमीटरचा. तरंग जितका आंखूड, तितकें किरणाचें टोक अणकुचीदार. म्हणून डीव्हीडींत वेटोळ्यांमधील अंतर ०.७४ मायक्रॉन, तें ब्लू-रेंत ०.३२ मायक्रॉनवर आणतां आलें. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) परिणामीं डीव्हीडीच्या एका थरांत ४.७ गिगाबाइट मावतात, तर ब्लू-रेच्या एका थरांत २५. दोन थर असल्यास अनुक्रमें ८.५ आणि ५०. ब्लू-रेला त्या वेळीं एच.डी. डीव्हीडी नांवाची एक प्रतिस्पर्धीहि होती. परंतु तोशिबा कंपनीनें फेब्रुवारी २००८ मध्यें ती मागें घेतली आणि स्पर्धा संपली.

जास्त जागा मिळाली म्हणजे चित्र अधिक बारीक विणतां येतें. आपल्या देशाच्या पद्धतीच्या डीव्हीडीवरील चित्रांत आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू असतात. म्हणजे एकूण ४,१४,७२०. ब्लू-रेच्या चित्रांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू. ही संख्या बरोबर पांचपट होते. कागदावर हा सामना येथेंच निकालांत निघतो. परंतु चित्र पाहावयाचें तें कागदावर नव्हे, खोलींत बसून. आणि तेथें डोळ्याला विचारल्यावांचून निकाल देतां येत नाहीं.

निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा भेद ओळखतो. त्याहून लहान कोनांत आलेले दोन बिंदू त्यास एकच भासतात. याचा हिशोब सोपा आहे. बत्तीस इंची पडद्याची उंची सुमारें चाळीस सेंटिमीटर. डीव्हीडीच्या ५७६ ओळी तिच्यांत बसविल्या तर एक ओळ ०.६९ मिलिमीटरची होते, आणि पावणेआठ फुटांवरून ती डोळ्यास वेगळी दिसेनाशी होते. म्हणजे पडद्यापासून आठ फुटांवर बसणाऱ्यास बत्तीस इंची संचावर डीव्हीडीचें चित्र एकसंध दिसतें, आणि तेथें ब्लू-रे लावली तरी तिचा बारकावा जवळजवळ फुकट जातो. पंचावन्न इंची पडद्याची उंची साडेअडुसष्ट सेंटिमीटर. त्याच्यावर डीव्हीडीचे बिंदू एकजीव दिसावयास तेरा फुटांहून अधिक मागें बसलें पाहिजे; ब्लू-रेला सात फूट पुरतात. मरोळच्या बैठकीच्या खोलींत तेरा फूट मागें सरकावयाचें तर शेजाऱ्याच्या घरांत बसावें लागेल! आजोबांचा चित्रपट बिघडला तो एवढ्याच कारणानें. याच हिशोबानें पाहतां, २०१६ पासून निघालेली चौपट बिंदूंची फोर-के तबकडी आठ फुटांवरच्या पंचावन्न इंची पडद्यास बारकाव्याच्या बाबतींत फारसें कांहीं देऊं शकत नाहीं, हेंहि ध्यानांत येईल.

मग पावसांतले चौकोन कोठून आले? तबकडीवर चित्र आहे तसें ठेवीत नाहींत. त्याच्या घड्या घालून ठेवतात. लागोपाठच्या चित्रांत जें सारखें असतें तें एकदांच नोंदावयाचें आणि बदललेलें तेवढें पुढें लिहावयाचें, अशी ती युक्ति. स्थिर भिंतीपुढें दोन पात्रें बोलत असतील तर ती उत्तम साधते. पण पाऊस, लाटा किंवा जत्रेंतील गर्दी आली कीं प्रत्येक बिंदू क्षणोक्षणीं बदलतो आणि जागा अपुरी पडते. तीन तासांचा चित्रपट दोन थरांच्या डीव्हीडीवर एकटा असला तर दर सेकंदास सुमारें सहा मेगाबिट त्याच्या वांट्यास येतात. त्याच तबकडीवर तीन चित्रपट कोंबले तर दोनच उरतात, आणि चित्राच्या घड्या कायमच्या उमटतात. ब्लू-रेच्या दोन थरांत तोच चित्रपट छत्तीस-सदतीस मेगाबिटपर्यंत जागा घेऊं शकतो. शिवाय तिची घड्या घालण्याची नवी रीत डीव्हीडीच्या जवळजवळ निम्म्या जागेंत तेंच काम करते. तेव्हां ‘एका तबकडीवर तीन चित्रपट’ हा सौदा स्वस्त दिसला तरी डोळ्यांस महाग पडतो.

गतीचाहि एक भेद आहे. चित्रपट सेकंदास २४ चित्रांच्या गतीनें काढलेला असतो. आपल्या टीव्हीची जुनी पद्धत २५ चित्रांची. त्या पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट किंचित जलद धांवतो. तीन तासांत सात मिनिटें वांचतात, आणि मूळ स्वर राखण्याची खटपट केलेली नसल्यास गाणें अर्ध्या स्वराहून थोडें कमी इतकें चढें लागतें. तालीम झालेल्या कानास हें खुपतें. ब्लू-रेवर २४ चित्रांची मूळ गति राखतां येते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे: तबकडी कशावरून उतरविली? पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर डीव्हीडींत न मावणारा पुष्कळ बारकावा असतो. म्हणून निगेटिव्ह शाबूत असेल तर साठ-सत्तर वर्षांपूर्वींचा चित्रपटहि ब्लू-रेवर नव्यासारखा उजळतो. उलट, जुन्या व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली मालिका मुळांतच ५७६ ओळींची. ती ब्लू-रेवर घातली म्हणून तींत नसलेला तपशील येणार कोठून? झिजलेल्या, ओरखडलेल्या प्रतीवरून केलेली ब्लू-रे केवळ ओरखडे अधिक स्पष्ट दाखविते. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें या मूळ फिल्मा जपण्यासाठींच. तरीहि २००३ मध्यें पुण्यांत लागलेल्या आगींत नायट्रेटच्या जुन्या फिल्मांचा मोठा सांठा भस्मसात् झाला. ज्या चित्रपटाची निगेटिव्ह गेली, त्याची उरलेली साधी डीव्हीडीहि मग मोलाची ठरते.

घरांत कांहीं गोष्टी मात्र सहज सुधारतां येतात. ब्लू-रेचें यंत्र डीव्हीडीहि वाजवितें. डीव्हीडीचें यंत्र ब्लू-रे वाचूं शकत नाहीं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांच्या जोडणींतून उच्च स्पष्टतेचें चित्र जातच नाहीं; त्यास एचडीएमआय तार हवी. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ जवळजवळ चौकोनी चौकटीचा आहे. पडदा भरावा म्हणून तो ताणला तर विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा रुंदीला एक तृतीयांशानें वाढतात! दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहूं द्याव्या. तबकडी कडेनें धरावी, उभी ठेवावी, आणि पुसतांना मऊ कापड मध्यापासून कांठाकडे सरळ न्यावें. गोल फिरवूं नये. पावसाळ्यांत दमट भिंतीला लागून कपाट ठेवूं नये.

इंटरनेटवर सर्व कांहीं मिळतें, मग तबकडी हवी कशाला, असा प्रश्न नातू अवश्य विचारील. उत्तर एवढेंच कीं, तेथील चित्रपट कराराच्या मुदतीनें येतो आणि मुदत संपली कीं निघून जातो. कपाटांतली तबकडी कोणाचा करार पाहत नाहीं. तेव्हां मोठ्या पडद्यासाठीं, मूळ फिल्म चांगली राहिली आहे अशा निवडक चित्रपटांच्या ब्लू-रे घ्याव्या. बाकीच्या डीव्हीडी मात्र टाकूं नयेत. नवा संच आला म्हणून जुना बत्तीस इंची विकण्याची घाई न करतां तो आंतल्या खोलींत लावावा, आणि आजोबांची खुर्ची त्याच्यापासून आठ फुटांवर मांडावी. तीच डीव्हीडी तेथें पुन्हां पूर्वींसारखी नितळ दिसेल.