एका ग्रंथीचे दोन नकाशे

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँचने गेलेल्यांना ओहोटीची कटकट ठाऊक असेल. तांडेलाला किनारा स्पष्ट दिसतो. पण पाण्याखालचा गाळ कुठे संपतो, हे किनाऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी खोलीचा वेगळा नकाशा लागतो.

कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्यांनाही असेच दोन नकाशे लागतात. मोऱ्याहून फार दूर नसलेल्या खारघरला, पनवेल तालुक्यात, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संस्था आहे. अशा ठिकाणी उपचारांची आखणी कशी होते, ते पुरःस्थ ग्रंथीच्या उदाहरणाने पाहू.

पुरःस्थ किंवा प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात तिला कर्करोग होऊ शकतो. क्ष-किरणांच्या प्रखर झोताने तो नष्ट करता येतो. पण ग्रंथीच्या वर मूत्राशय आणि मागे अगदी लागून गुदाशय! झोत चुकला तर त्यांना इजा, आणि फार जपून दिला तर रोग शिल्लक.

सीटी स्कॅन क्ष-किरणांनीच घेतात. त्यामुळे कोणता भाग किती किरण शोषील, हे त्यावरून मोजता येते. मात्र शेजारशेजारचे मऊ भाग त्यात जवळजवळ सारखेच करडे दिसतात आणि ग्रंथी खऱ्याहून मोठी भासते.

एम.आर.आय. यंत्रात क्ष-किरण नसतातच. तेथे १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट जोरदार चुंबक असतो. शरीरातील पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन आहे. त्याची अणुकेंद्रे या क्षेत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. ग्रंथीचा पाणीदार बाह्य भाग उजळ दिसतो, तर दाट पेशींची गाठ काळपट. ग्रंथीची कडही स्वच्छ उमटते.

गाठ दिसली की तिला जादा मात्रा देता येते. नेदरलँड्स व बेल्जियममधील ५७१ रुग्णांवर असा प्रयोग झाला; निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पाच वर्षांनंतर रक्ततपासणीत रोग परतल्याची खूण नसलेले रुग्ण जादा मात्रेच्या गटात शेकडा ९२, तर नेहमीच्या गटात ८५ होते. दुष्परिणामांत लक्षणीय फरक पडला नाही.

आता दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवायची कशी? एक उपाय मोठा गमतीचा आहे. ग्रंथीत तांदळाच्या दाण्याहून लहान असे सोन्याचे कण रोवतात. सोने चुंबकाकडे ओढले जात नाही. सीटीत हे कण लख्ख पांढरे, एम.आर.आय.मध्ये काळे ठिपके. संगणक ठिपक्यावर ठिपका ठेवतो, की ग्रंथीची कड एका चित्रातून आणि किरणांचा हिशेब दुसऱ्यातून घेता येतो. अलीकडे काही रुग्णालयांत एम.आर.आय.वरूनच सीटीसारखे चित्र संगणकाकडून करून घेतात.

एवढे करूनही ग्रंथी जागची हलते. मूत्राशय भरले, गुदाशयात वायू साठला, की ती काही मिलिमीटर सरकते. म्हणून रुग्णाला स्कॅनच्या दिवशी जेवढे पाणी पाजलेले असते, तेवढेच पाणी उपचाराच्या प्रत्येक दिवशी पिऊन ठरलेला वेळ थांबावे लागते. त्यानंतरच त्याला टेबलावर घेतात.