पिंजऱ्यातली कुस्ती आणि तालमीतला उस्ताद

घरातला पोरगा ‘मला एमएमए शिकायचंय’ म्हणाला की अम्मीच्या डोळ्यांसमोर मोबाईलवर पाहिलेली रक्ताळलेली तोंडं येतात. अब्बा विचारतात, पैसे भरून हाणामारी कशाला शिकायची? सवाल चुकीचा नाही. म्हणूनच हा खेळ काय आहे आणि त्यातून आपल्या मुलांना काय मिळू शकतं, ते आम्ही इथे मांडत आहोत.

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगचे ठोसे, मुए थाईच्या लाथा, कुस्तीतली पाडापाडी आणि ज्युजुत्सूच्या पकडी, सगळं एकाच लढतीत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा नियम नावालाच होते, वजनगटसुद्धा नव्हते. खूप टीका झाली, अनेक राज्यांनी बंदी घातली, मग २००० च्या सुमारास एकसारखी नियमावली आली. आज लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते, किताबाची असेल तर पाच फेऱ्यांची. डोळ्यात बोट घालणं, चावणं, डोक्याच्या मागे मारणं, खाली पडलेल्याच्या डोक्याला लाथ मारणं, हे सगळं मना आहे. सहन होत नसेल तर समोरच्याच्या अंगावर दोन-तीन थापा मारायच्या, लढत तिथेच थांबते. याला ‘टॅप’ म्हणतात. हार कबूल करायला शिकवणारी ही गोष्ट आम्हाला या खेळातली सगळ्यात मोलाची वाटते.

आपल्या मुलांच्या तोंडी एक नाव हमखास असतं, खबीब नूरमागोमेदोव. पण त्याची कहाणी सुरू होते त्याच्या वडिलांपासून. दागेस्तान हा रशियाच्या दक्षिणेचा, कास्पियन समुद्राकाठचा डोंगराळ मुस्लिमबहुल प्रांत. शेजारी चेचन्यात युद्ध, गावात कामधंदा कमी, आणि तरुणांना ओढायला हत्यारबंद गट टपलेले. अशा काळात अब्दुलमनाप नूरमागोमेदोव यांनी घराच्या तळमजल्यावर तालीम उभी केली आणि गावच्या पोरांना कुस्ती, ज्युदो, साम्बो शिकवायला सुरुवात केली. पोरं वाईट वाटेला लागू नयेत, हा त्यामागचा हेतू ते उघड सांगत.

त्या तालमीतून खबीब घडला. २९ लढती, २९ विजय, हार एकही नाही. २०१८ मध्ये कॉनर मॅकग्रेगरने भर पत्रकार परिषदेत व्हिस्की पुढे केली, ती त्याने नाकारली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच लढतीनंतर तो पिंजऱ्यावरून उडी मारून मॅकग्रेगरच्या सहकाऱ्यावर धावून गेला, हेही मुलांना सांगायला हवं. पाच लाख डॉलर दंड झाला, नऊ महिन्यांची बंदी आली. आणि वडील काय म्हणाले? जिंकलास, शाब्बास, एवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. आपल्यासाठी शिस्त पहिली आणि याची सजा मिळेल, असं त्यांनी जाहीरपणे सुनावलं. जुलै २०२० मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीतून त्यांचा इंतेकाल झाला. ऑक्टोबरमध्ये शेवटची लढत जिंकून खबीबने तिथल्या तिथे निवृत्ती जाहीर केली, कारण अब्बांशिवाय लढणार नाही असा शब्द त्याने अम्मीला दिला होता. दोन वर्षांनी त्याच उस्तादाचा दुसरा शागीर्द, इस्लाम माखाचेव, त्याच वजनगटाचा विजेता झाला.

आता दुसरी बाजू. चेहऱ्यावर मारण्याची हदीसमध्ये मनाई आहे. मक्केतल्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह परिषदेने १९८७ मध्ये बॉक्सिंग नाजायज ठरवली, शरीराला इजा न करणाऱ्या कुस्तीला मात्र मुभा दिली. डोक्याला वारंवार मार बसला तर मेंदूवर परिणाम होतो, हे डॉक्टरही सांगतात. वजन घटवण्याचा प्रकार तर त्याहून फसवा. २०१७ मध्ये खुद्द खबीबला त्यापायी इस्पितळात न्यावं लागलं आणि लढत आदल्या दिवशी रद्द झाली. त्यामुळे शिकणं आणि व्यावसायिक लढती खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी समजाव्यात, असं आमचं मत आहे. पकडी, पाडापाडी, सुटका हा भाग ठोशांशिवायही पूर्ण शिकता येतो. मुलींनाही. उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकली, असं करणारी ती पहिली भारतीय महिला.

आणि हे सगळं आपल्याला इतकं परकं तरी कुठे आहे? सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घराण्याने तीन महाराष्ट्र केसरी दिले. १९८० मध्ये इस्माईल, १९९२ मध्ये अप्पालाल, २००२ मध्ये मुन्नालाल. एका पिढीने दुसरीला मातीत उतरवलं, बस्स.

शहरात आता जिमच्या पाट्या जागोजागी दिसतात. नाव घालण्याआधी एक संध्याकाळ तिथे जाऊन नुसतं बसा. नवख्या पोराने थाप मारल्यावर समोरचा लगेच सोडतो का, ते बघा. लहान मुलांना डोक्यावर मारू देतात का, वजन घटवायला उपाशी ठेवतात का, हे सरळ विचारा. रस्त्यावर मारामारी करून आलेल्या पोराला उस्ताद काय करतो, तेही विचारा. तो हसून टाळत असेल तर दुसरी तालीम शोधा.