पवनारच्या हवेचा हिशेब

वर्धा शहराजवळ, धाम नदीच्या काठी पवनार वसले आहे. विनोबांच्या परमधाम आश्रमामुळे हे गाव सर्वांना परिचित आहे. ख्रिस्ताच्या शिकवणुकीचे सार संकलित करणारे विनोबा येथलेच, म्हणून आपल्या वाचकांना त्याविषयी विशेष आपुलकी असेल. आज मात्र आम्ही पवनारचा विचार करीत आहोत तो तेथील हवेच्या निमित्ताने.

पवनारच्या ईशान्येस नागपूर व त्यापलीकडे कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे आहेत. आग्नेयेस चंद्रपूर आहे. तेथील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट असून भोवती कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आहेत. राजुऱ्याच्या पुढे तेलंगणाची हद्द सुरू होते. पण कोळसा, चुनखडी आणि त्यांची धूळ यांचा पट्टा हद्दीवर थांबत नाही, तो मंचेरियल, बेल्लमपल्लीपर्यंत जातो. हिवाळ्यात विदर्भात वारा बहुधा उत्तर व ईशान्येकडून वाहतो. साहजिकच नागपूरकडील हवा वर्ध्याकडे आणि चंद्रपूरची तेलंगणाकडे सरकते.

धूर इतका दूर जातो कसा? जाड धूळ लवकर खाली बसते. परंतु अडीच मायक्रॉनपेक्षा सूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते कित्येक दिवस तरंगत राहतात आणि फुप्फुसांत खोलवर शिरतात. शिवाय कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड वायूचे वाटेत रूपांतर होऊन सल्फेटचे नवे सूक्ष्म कण तयार होतात. उंच चिमणीमुळे जवळच्या वस्तीचा त्रास कमी होतो हे खरे, पण धूर नाहीसा होत नाही. तो दूरच्यांच्या वाट्याला जातो.

हवा मोजण्याची जुनी पद्धत साधी आहे. यंत्र हवा ओढून गाळणकागदातून सोडते. चोवीस तासांच्या मोजणीआधी व नंतर त्या कागदाचे वजन करतात. आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ वेळा असे मोजमाप व्हावे, असा दंडक आहे. नवी स्वयंचलित केंद्रे अखंड नोंद ठेवतात. भारताच्या २००९ च्या मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती मर्यादा ५ वर आणली. या दोन आकड्यांतील अंतर वाचकांनी लक्षात घ्यावे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि आपले वसई-विरारही आहे; वर्धा नाही. आराखडा व निधी शहराला, हवा मात्र साऱ्या मुलखाची! सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा वीज केंद्रांवर बसवण्याचा नियम २०१५ मध्ये झाला, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. मोठ्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांवर बंधन राहिले. अकराव्या किलोमीटरवर राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न आम्हांस पडतो.

युरोपात ब्रिटन-जर्मनीच्या धुराने स्वीडनमधील तळी आम्लयुक्त झाली, तेव्हा आधी १९७७ मध्ये अनेक देशांनी सामाईक मोजणी सुरू केली आणि १९७९ मध्ये जिनिव्हा येथे करार केला. धूर कोणाचा आणि कोठे पडतो, हे सर्वांनी मान्य केलेल्या आकड्यांतून दिसू लागल्यावर वाद घालण्यास फारशी जागा उरली नाही. त्यानंतरच्या दशकांत तेथील गंधकाचे उत्सर्जन खूपच घटले. दक्षिण आशियातील देशांनी १९९८ मध्ये माले येथे घोषणापत्र केले, पण ते बंधनकारक नव्हते. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने हवा व्यवस्थापन आयोग स्थापन झाला, तोही दिल्ली व शेजारच्या चार राज्यांपुरताच. नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि सीमेपलीकडचे तेलंगणाचे जिल्हे मिळून एकच हवाक्षेत्र मानले, सर्वांच्या नोंदी एकत्र केल्या, तर पवनारसारख्या गावाचाही हिशेब लागेल.

त्यात गावाचा स्वतःचा वाटाही आलाच. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाट्या नि तुराट्या चुलीत जातात किंवा बांधावर पेटतात. गॅसची शेगडी पुष्कळ घरी आहे. पण सिलिंडर संपला की पैसे येईपर्यंत पुन्हा चूल पेटते, आणि तिच्यापुढे बसणाऱ्या माउलीच्या श्वासात किती धूर जातो, हे मोजणारे यंत्र त्या स्वयंपाकघरात नसते.