हेवी मेटल : गोंगाट कीं गायन?

पुण्याच्या बुधवार पेठेंत राहणाऱ्या मनुष्यास मोठ्या आवाजाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. गणेशोत्सवांत तांबडी जोगेश्वरी व दगडूशेठ हलवाई गणपति यांच्या परिसरांत ढोलताशांचीं पथकें वाजूं लागलीं, म्हणजे खिडक्यांचीं तावदानें थरथरतात व शेजारच्या माणसाशीं खुणांनींच बोलावें लागतें. जवळच कसबा पेठेंत तांबट आळी आहे. तेथें पिढ्यान्‌पिढ्या तांब्यावर हातोडे पडत आले आहेत. ध्वनिवर्धक यंत्रें पाहिजे असल्यास तपकीर गल्लींत जावें. अशा पेठेंतील मुलांस ‘हेवी मेटल’ नांवाच्या पाश्चात्य संगीताचा छंद लागावा, यांत नवल तें काय? परंतु पालकांस हा छंद भयावह वाटतो. म्हणून हें संगीत म्हणजे काय, तें प्रत्यक्ष ऐकतांना काय अनुभव येतो, व पालकांच्या भीतींत तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

‘हेवी मेटल’ याचा शब्दशः अर्थ ‘जड धातु’. या संगीताचा जन्म इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या लोखंडी कारखान्यांच्या शहरीं झाला, असें सामान्यतः मानितात. तेथील कामकरी कुटुंबांतील चार तरुणांनीं ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद काढिला व १३ फेब्रुवारी १९७० रोजीं त्यांचा पहिला ध्वनिमुद्रित संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकीं टोनी आयोमी हा गिटार वाजवी. सतरा वर्षांचा असतांना पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा त्याचा हात हाच! दुसरा कोणी असता तर वाद्य टांगून ठेविता. आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, आणि दुखऱ्या बोटांस कमी जोर लागावा म्हणून सैल तारा वापरल्या. पुढें १९७१ च्या संग्रहांतील कांहीं गाण्यांत तर त्यानें तारा नेहमींच्या स्वरापेक्षां दीड स्वर खालीं उतरविल्या. या उतरलेल्या तारांचा गंभीर, जड नाद हेंच पुढें या संगीताचें लक्षण होऊन बसलें. एका कामकऱ्याच्या व्यंगांतून एक नवा नाद जन्मास आला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. याच वाद्यवृंदाचा गायक ऑझी ऑस्बर्न यानें ५ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅम येथेंच शेवटचा जलसा केला व त्याच महिन्याच्या २२ तारखेस तो निवर्तला.

आतां या नादाची घटना पाहूं. ध्वनिवर्धक यंत्रास त्याच्या शक्तीबाहेर वाढवावयास लाविलें, म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटल्यासारखे सपाट होतात. अशा छाटलेल्या लहरींत मूळ स्वराशिवाय अनेक उपस्वर उत्पन्न होतात, आणि स्वर खरखरीत परंतु भरीव लागतो. भाषणाच्या वेळीं हा दोष होय. हेवी मेटलवाल्यांनीं तोच गुण केला. आपल्याकडील तंबोऱ्याची जवारी लावितांना तरी आपण काय करितों? घोडीवर तार झणझणावी व तींतून उपस्वर उमटावे, हाच तेथेंही हेतु असतो. साधन निराळें, इच्छा एकच.

दुसरें साम्य याहून जवळचें आहे. या खरखरीत नादांत पुष्कळ स्वर एकदम वाजविले तर त्यांचा चिखल होतो. म्हणून हे वादक बहुधा षड्ज व पंचम एवढेच दोन स्वर एकत्र छेडितात. तंबोऱ्यांतील नेहमींची जोडी तीच! या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचें प्रमाण २ : ३ असें असतें. यंत्रांतून त्यांचें मिश्रण होतांना दोहोंच्या अंतराएवढा, म्हणजे १ या प्रमाणाचा, आणखी एक स्वर उत्पन्न होतो, आणि तो मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालीं असतो. वाजविले दोन, ऐकूं आले तीन. आणि तिसरा सर्वांत खालचा! या नादास भारदस्तपणा येतो तो अशा रीतीनें. ठेक्याची वांटणीही आपल्या ओळखीची आहे. जलद बोल ताशानें काढावे व टोला ढोलानें द्यावा, तसेंच काम येथें लहानमोठे ड्रम व झांजा करितात.

या पंथांतील ज्या वाद्यवृंदाचा मीं विद्यार्थिदशेपासून चाहता आहें, त्याचें नांव ‘आयर्न मेडन’. स्टीव्ह हॅरिस यानें तो १९७५ सालच्या नाताळच्या दिवशीं पूर्व लंडनमध्यें स्थापन केला. हिंदुस्थानांत हा वाद्यवृंद प्रथम १७ मार्च १९०७ रोजीं नव्हे, तर पूर्ण शंभर वर्षांनंतरच्या त्याच दिवशीं, म्हणजे १७ मार्च २००७ रोजीं, बंगलोर येथें आला, असें आम्ही चाहते थट्टेनें म्हणत असूं; कारण तोंपर्यंतची वाट पाहणें आम्हांस एका शतकाएवढें लांब वाटलें होतें. महाराष्ट्रांत त्यांचें पाऊल १ फेब्रुवारी २००८ रोजीं लागलें. त्या वर्षीच्या जगप्रवासाचा पहिलाच जलसा मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत झाला. प्रवासासाठीं त्यांनीं एक बोइंग ७५७ विमान घेतलें होतें. त्यांत वादक, सहकारी व सर्व साहित्य असे, आणि विमान चालवी तो स्वतः गायक ब्रूस डिकिन्सन! तो परवानाधारक वैमानिक होता. गाणाऱ्यास दुसरी विद्या येऊं नये असा कांहीं नियम नाहीं, हें पालकांनींही लक्षांत घ्यावें.

त्या सायंकाळीं पुण्याहून गेलेल्या मंडळींत मीही होतों. मैदानांत सर्वत्र काळे सदरे. कोणी शिलाँगचा, कोणी बंगलोरचा, कोणी आमच्यासारखा पेठेंतला. परस्परांची भाषा येत नसली तरी गाणीं सर्वांस पाठ. रंगमंच प्राचीन मिसर देशाच्या धर्तीवर सजविलेला होता. दिवे मालवले आणि चर्चिलच्या १९४० सालच्या युद्धभाषणाचा आवाज घुमला. तें संपतें न संपतें तोंच त्या युद्धांतील वैमानिकांवरील गाणें सुरू झालें. तबकडीवर शेंकडों वेळां ऐकलेलें तें गाणें. परंतु प्रत्यक्षांत पहिला आघात कानास लागण्यापूर्वी छातीस लागला. मंद्र नाद अंगानेंही जाणवतो, आणि तबकडी तो घरांत आणूं शकत नाहीं. दुसरा फरक असा कीं, घरीं आपण एकटे ऐकतों. येथें हजारों कंठ एकदम गातात. एका गाण्यांत तर शब्द नसलेली गिटारची धूनच सर्व समुदायानें उचलली, आणि क्षणभर वादक कोण व श्रोते कोण याचा भेद उरला नाहीं.

परंतु मला सर्वांत अधिक स्मरतें तें एक दीर्घ गाणें. कोलरिज या इंग्रज कवीनें १७९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृद्ध खलाशाच्या काव्यावर हॅरिसनें तें रचिलें. १९८४ च्या संग्रहांत तें तेरा मिनिटांहून अधिक चालतें. खलाशी एका निरुपद्रवी समुद्रपक्ष्यास विनाकारण मारितो. वारा पडतो, पाणी संपतें, सोबती मरतात, आणि मेलेला पक्षी त्याच्या गळ्यांत लोंबत राहतो. पुढें समुद्रांतील सर्पांचें सौंदर्य पाहून त्याच्या मनांतून नकळत आशीर्वाद निघतो, तेव्हां तें ओझें गळून पडतें. गाण्याच्या मध्यभागीं सर्व गर्जना थांबते. जहाज निश्चल उभें आहे असा भास व्हावा इतकी वाद्यें मंदावतात. मघांपर्यंत ओरडणारा तो अफाट समुदाय त्या वेळीं स्तब्ध उभा होता. वर्गांत हें काव्य शिकवितांना अशी शांतता मिळाली तर कोणताही शिक्षक स्वतःस धन्य समजेल!

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. तपकीर गल्लींत त्यांचें ध्वनिवर्धकांचें दुकान आहे. मुलाच्या सदऱ्यावर याच वाद्यवृंदाचें ‘एडी’ नांवाचें सांगाड्यासारखें चित्र पाहून घरांत मोठा कलह झाला होता; आईनें तो सदरा लपवून ठेविला होता, आणि मुलगा दोन दिवस जेवला नव्हता. “सर, हें सैतानाचें गाणें आहे असें आमच्या घरचीं म्हणतात. तें तुम्हीच सांगा. पण माझा प्रश्न निराळा आहे. मी रोज हींच यंत्रें विकतों. मला ठाऊक आहे तीं काय करितात. पोराच्या कानांचें काय?” या गृहस्थांचे दोन्ही प्रश्न योग्य होते. त्यांचीं उत्तरें येथें सर्वांसाठीं देतों.

प्रथम शब्दांविषयीं. या वाद्यवृंदानें १९८२ सालीं श्वापदाच्या संख्येवर गाणें काढिलें, तेव्हां अमेरिकेंत कांहीं लोकांनीं त्यांच्या तबकड्या जाळिल्या. परंतु त्या गाण्याच्या आरंभीं वाचिलीं जातात तीं वचनें पवित्र शास्त्रांतील प्रकटीकरणाच्या पुस्तकांतलींच आहेत, आणि गाणें एका भयंकर स्वप्नाचें वर्णन करितें. श्वापदाची उपासना करा असें सांगत नाहीं. त्यांच्या दुसऱ्या एका गाण्याचा आरंभ चेस्टर्टन या ख्रिस्ती लेखकाच्या प्रार्थनागीतानें होतो. मुंबईचा जलसा ज्या गाण्यानें संपला, त्याचें शीर्षक प्रभूच्या प्रार्थनेंतून घेतलेलें आहे, व त्यांत फांसावर जाणाऱ्या कैद्याच्या मनाची अखेरची घालमेल आहे. यावरून सर्वच हेवी मेटल निर्दोष ठरतें असें नव्हे. कांहीं वाद्यवृंदांचे शब्द खरोखर द्वेषपूर्ण व अश्लील असतात. म्हणून नियम एवढाच कीं, सदऱ्यावरील चित्रावरून न्याय न करितां मुलाजवळ बसून शब्द वाचावे व अर्थ विचारावा. ज्यास अर्थ सांगतां येत नाहीं, त्यास त्या गाण्याचा चाहता म्हणवून घेण्याचाही अधिकार नाहीं.

दुसरा प्रश्न कानांचा. तो अधिक गंभीर आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या आंतील शंखाकृति भागांत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदां नष्ट झाल्या म्हणजे मनुष्यांत पुनः उगवत नाहींत. आवाज १० डेसिबलांनीं वाढला कीं ध्वनीची शक्ति दसपट होते. परंतु कानास तो सुमारें दुप्पटच भासतो, आणि येथेंच फसगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकणें सुरक्षित आहे. ९० डेसिबलांस ही मर्यादा ४ तासांवर येते, आणि त्याच हिशेबानें १०० डेसिबलांस अवघीं २४ मिनिटें उरतात. मोठ्या जलशांत रंगमंचाजवळ आवाज १०० च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो, व जलसा चालतो दोन तास! ‘ए सी डी सी’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा गायक ब्रायन जॉन्सन यास २०१६ सालीं बहिरेपणाच्या भीतीनें प्रवास अर्ध्यावर सोडावा लागला. जी गोष्ट जलशाची, तीच ढोलताशाची. कानास गाण्याची जात कळत नाहीं.

यावर उपाय आहे व तो स्वस्त आहे. कानांत नीट बसणारीं बोळकीं घातलीं व त्यांनीं आवाज २० डेसिबलांनीं कमी केला, तर कानांत जाणारी शक्ति शंभरांशावर येते. गाणें तेंच राहतें, केवळ दाह कमी होतो. शिवाय ध्वनिवर्धकांच्या भिंतीपासून दूर उभें राहावें, मधूनमधून बाहेर जाऊन कानांस विसांवा द्यावा, आणि दुसऱ्या दिवशींही कान वाजत राहिले तर वैद्यास दाखवावें. गर्दीविषयीं एवढेंच सांगणें कीं, पुढच्या कठड्याशीं रेटारेट असते. लहानांनीं बाजूस उभें राहावें, पाणी प्यावें, चुकामूक झाल्यास भेटावयाची जागा आधीं ठरवावी, आणि पहिल्या खेपेस घरचें कोणी वडील माणूस बरोबर असावें.

हें संगीत ऐकण्यास आतां परदेशीं पाहुण्यांचीच वाट पाहावी लागते असेंही नाहीं. मुंबईंत १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा जलसा भरूं लागला. २००३ सालीं तेथेंच ‘भयानक मौत’ हा वाद्यवृंद निघाला. आणि पुण्यांत २०१० सालीं ‘एन एच सेव्हन वीकएंडर’ हा मेळा सुरू झाला. आमच्या पिढीचे वादक मात्र वृद्ध होत चालले. आयर्न मेडनचा ड्रमवादक निको मॅकब्रेन यास २०२३ सालीं पक्षाघाताचा झटका आला. तरी मोठ्या चिकाटीनें तो पुनः वाजवूं लागला, आणि डिसेंबर २०२४ मध्यें प्रवासांतून निवृत्त झाला. प्रत्यक्ष ऐकण्याची संधि कायम राहत नाहीं, हेंही खरें.

तात्पर्य, विद्यार्थिमित्रांनो, जें आवडतें तें लक्षपूर्वक ऐका, त्याचा अर्थ शोधा, आणि ज्या कानांनीं तें ऐकावयाचें ते कान जपा. आणि पालकहो, मुलाच्या खोलीचें दार आदळण्यापूर्वी एकदां आंत जाऊन बसा व एक गाणें शेवटपर्यंत ऐका. तें आवडेलच असें नाहीं. परंतु आपल्या मुलास तें कां आवडतें हें समजेल, आणि तपकीर गल्लींतील त्या गृहस्थांप्रमाणें योग्य तो प्रश्न आपणांसही सुचेल. त्यांनीं तो सदरा मुलास परत दिला. मात्र बरोबर कानांत घालावयाच्या बोळक्यांची एक जोडीही दिली.