गळकी होडी

पैठण हे गोदावरीच्या काठचे जुने गाव. तिथे नदीवर जायकवाडीचे मोठे धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. धरणाची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब आहे. भिंतीमागे जे पाणी साठले, त्याला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. छत्रपती संभाजीनगर शहर हेच पाणी पिते. याच पाण्यात मासेमारी करून कित्येक घरे पोट भरतात.

नाथसागर नावाप्रमाणेच सागर आहे. मध्यावर गेले की काठ दूर दिसतो. वारा सुटला की लाटा उठतात. अशा पाण्यात होडी हाच माणसाचा आधार. ती गळकी असेल तर काय करावे?

समजा, असेच एक काका आणि त्यांचा पुतण्या आहेत. त्यांची होडी फायबरची आहे. तळाशी थोडे पाणी येते. पुतण्या म्हणतो, "काका, एवढंसं तर गळतंय. लोट्यानं उपसू की! उद्या जाळं टाकायचंच."

काका म्हणतात, "आधी मोजू, मग बोलू."

दोघे होडी कापडाने कोरडी पुसतात. काठाजवळच्या उथळ पाण्यात ती पाव तास ठेवतात. मग आत आलेले पाणी लोट्याने मोजतात. ते दीड लिटर भरते.

आता हिशेब पाहा. पाव तासात दीड लिटर, म्हणजे तासाला ६ लिटर. आठ तासांत ४८ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे संध्याकाळपर्यंत ४८ किलोंचे ओझे होडीत चढणार. जणू आणखी एक माणूस येऊन बसला!

पण माणूस एका जागी बसतो. पाणी बसत नाही. होडी डावीकडे कलली की सारे पाणी डावीकडे धावते. मग होडी आणखी कलते. त्यात लाट आली, वर माशांचे वजन असले, तर होडी उलटायला वेळ लागत नाही. थोड्या गळतीचा खरा धोका हा आहे.

पुतण्या गप्प होतो. मग म्हणतो, "काका, बाजारात भेगा बुजवायचं पातळ औषध मिळतं म्हणं. बाटली आणू का?"

हे औषध म्हणजे काय, ते समजून घेऊ. दिव्यातले तेल वातीतून आपोआप वर चढते. पंचाचे टोक पाण्यात बुडाले की ओल वर सरकते. अरुंद जागेत पातळ द्रव आपोआप ओढला जातो. याला केशाकर्षण म्हणतात. केश म्हणजे केस. केसासारख्या बारीक वाटेने द्रव ओढला जातो, म्हणून हे नाव.

बारीक भेगेतून पाणी आत शिरते, तेही याच गुणामुळे. हे औषध त्याच वाटेने जाते. ते पाण्यासारखे पातळ असते. त्यात कृत्रिम राळेचे अगदी सूक्ष्म कण असतात. भेगेत गेल्यावर त्यातले पाणी उडून जाते. कण एकमेकांना चिकटतात आणि वाट बुजते. चोर ज्या वाटेने आला, त्याच वाटेवर पहारेकरी बसला!

पण पहारेकरी लहान आहे. त्याला मोठा दरवाजा अडवता येत नाही. भेग रुंद असली तर औषध वाहून जाते. मग ओळखायचे कसे? वहीचा एक कागद घ्या. त्याची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. कागदाची कड भेगेत शिरली, तर ती भेग या औषधाची नव्हे.

काका-पुतण्या होडी काठावर ओढून उपडी घालतात आणि उन्हात वाळवतात. मग ती सुलटी करून आत एकच बादली पाणी ओततात. होडी काठोकाठ भरू नये. पाण्याच्या वजनाने तिचा तळ फाटेल. बाहेरून जिथे ओल दिसते, तिथे खडूने खूण करतात. नंतर वरच्या कडेवर पाणी शिंपडून पाहतात.

दोन जागा सापडतात. एक वरच्या कडेला, स्क्रूभोवतीची बारीक चीर. लाट उडाली की पाणी तिथून आत येते. दुसरी तळाची भेग. कागद लावून पाहतात. स्क्रूजवळ कागद शिरत नाही. तळाच्या भेगेत मात्र सहज शिरतो.

स्क्रूभोवतीच्या चिरेला औषध चालते. त्याची रीत अशी:

१. जागा साबणाने धुवावी. तेल, शेवाळ, सुटा रंग काढावा.

२. जागा पूर्ण वाळू द्यावी. भेगेत पाणी असेल तर औषधाला जागाच मिळत नाही.

३. औषध थेंब-थेंब सोडावे. भेग ते पिऊन टाकते. थोडे थांबून पुन्हा सोडावे. भेग प्यायची थांबेल, तोपर्यंत असे करावे.

४. बाटलीवर लिहिले असेल तितका वेळ वाळू द्यावे. मग पाणी शिंपडून परीक्षा घ्यावी.

बाटलीवरचा मजकूर वाचता आला, की दुकानदाराच्या शब्दावर राहावे लागत नाही. उरलेले औषध नाथसागरात ओतू नये. ते लोकांचे पिण्याचे पाणी आहे.

तळाच्या भेगेला मात्र कारागीरच हवा. तो भेग घासून मोकळी करील आणि फायबरचे कापड व रेझिन लावून थर चढवील.

लाकडी होडीची गोष्ट वेगळी. ती उन्हात वाळली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात व बरेच सांधे आपोआप मिटतात. उरलेल्या सांध्यांत कापसाची वात ठोकून भरतात आणि वरून राळ-तेल लावतात. ही जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. तेल प्यालेल्या लाकडाला पाण्यातले औषध नीट धरत नाही.

पुतण्या विचारतो, "मग उद्याचं जाळं?"

काका म्हणतात, "उद्याचे मासे गेले तर परवा मिळतील. तू गेलास तर कुठून आणू?"

होडी दुरुस्त होते. पुन्हा उथळ पाण्यात पाव तास ठेवून पाहतात. तळ कोरडा राहतो. मगच दोघे निघतात. तरीही पाणी उपसायला लोटा आणि तरंगते जाकीट बरोबर असतेच.

सांगा पाहू:

तासाला ४ लिटर पाणी येत असेल, तर सहा तासांत किती किलो ओझे वाढेल?

भेगेत वहीचा कागद शिरला, तर काय करावे?